लाल पट्टीपर्यंत चादरी

तीनशे वीस खाटांच्या त्या रुग्णालयात चादरी होत्या दोन हजारांच्या वर. तरीही रोज सकाळी आठच्या सुमाराला तळघरातल्या लाँड्रीत फोन खणखणायचाच. "लाँड्री, चादरी संपल्या!" आणि फोन उचलणारी बाई न चुकता म्हणायची, "संपल्या नाहीत. लपल्यात."

ही बाई म्हणजे घडीताई, लाँड्रीची प्रमुख. एकतीस वर्षांपूर्वी ती इथे घड्या घालायला लागली, आणि दोन माणसांनी चार टोकं धरून घालायची चादरीची घडी एकटीनं हवेत घालून दाखवायची म्हणून हे नाव पडलं. पुढे ती प्रमुख झाली तरी नाव तेच राहिलं. तिचं खरं नाव रुग्णालयात फक्त पगाराच्या कागदावर राहायचं आणि महिन्यातून एकदाच बाहेर पडायचं. हाताखाली दहा माणसं. मोठी मशीनं चालवणारा कॅप्टन, ज्यानं आयुष्यात बोट पाहिली नव्हती पण हुकूम सोडायची भारी हौस होती. घड्यांच्या टेबलाची आत्या, जी कुणाचीच आत्या नव्हती आणि दिवसाकाठी मोजून पाच वाक्यं बोलायची. बाकीची आठ माणसं या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

चादरी लपतात म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. चोरी म्हणाल तर एकही चादर कधी कुणाच्या घरी गेली नव्हती. पण प्रत्येक वॉर्डाची स्वतःची गुप्त पुंजी होती. कुणी ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे ठेवायचं, कुणी छताच्या पोकळीत. लहान मुलांच्या वॉर्डात तर "वजनकाटा नादुरुस्त, हात लावू नये" असं लिहिलेलं एक भलंमोठं खोकं होतं. त्यात वजनकाटा कधीच नव्हता. नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी औषधांचं कपाट दाखवायच्या आधी हे खोकं दाखवलं जायचं.

तर असं सगळं सुखात चाललं असताना एक दिवस व्यवस्थापक साहेबांनी घडीताईला वर बोलावलं. साहेब सज्जन होते, पण वाईट बातमी देताना टेबलावरच्या टाचण्या नीट लावत बसायची त्यांना सवय. त्या दिवशी त्यांनी टाचण्यांची डबी उघडल्याबरोबर घडीताई खुर्चीत सावरून बसली.

"ताई, बाहेरची एक कंपनी सगळं धुणं घ्यायला तयार आहे. रोज गाडी येणार, मळकं नेणार, स्वच्छ आणणार. वॉर्डांच्या तक्रारी तुम्हाला माहीतच आहेत."

"आणि आमची माणसं?"

"सामावून घेऊ. कुणी बागेत, कुणी गेटवर." साहेबांनी आणखी एक टाचणी सरळ केली. "तीन महिने आहेत. तेवढ्यात तक्रारी थांबवा, मी कंपनीला नाही म्हणतो. आणि हो, संगणक विभागाच्या साहेबांची अक्कलदाढ सुजली आहे. त्यांच्या जागी उद्यापासून तीन दिवस एका प्रशिक्षणाला तुम्ही जा. जागा फुकट जायला नको."

अशा रीतीनं, दुसऱ्याच्या अक्कलदाढेच्या कृपेनं, घडीताई आयुष्यात पहिल्यांदा प्रशिक्षणाला गेली. कार्यक्रमाचं नाव होतं 'सेवा-संस्थांमधील नवकल्पनांचे व्यवस्थापन'. ते फलकावर दोन ओळींतही मावलं नव्हतं, 'व्यवस्थापन'मधला 'न' भिंतीवर गेला होता. सभागृहात बँकेचे, विम्याचे, विमानाचे लोक. प्रत्येकापुढे लॅपटॉप. घडीताईपुढे दोनशे पानी वही आणि चष्म्याचं घर.

प्रशिक्षक पोरगेलासा, उत्साही. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "वस्तूचा साठा करता येतो. सेवेचा करता येतो का?"

"नाही!" सगळे एका सुरात म्हणाले.

"आमच्याकडे करतात," घडीताई म्हणाली. "छताच्या पोकळीत."

सभागृह हसलं. तो मात्र हसून झाल्यावर खुर्ची ओढून तिच्यापुढे बसला आणि सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाला, "ही सवय नाही हो ताई, भीती आहे. कशाची ते आधी त्यांना विचारा. मग जो उपाय सुचेल तो एकाच कोपऱ्यात करून बघा, सगळीकडे एकदम नको. आणि जे फसेल ते लिहून ठेवा."

तिन्ही गोष्टी घडीताईनं वहीत उतरवल्या, खाली दोन रेघा मारल्या, आणि परत आल्यावर त्यातली एकही केली नाही. विचारलं कुणालाच नाही. थेट मागणीपत्रक काढलं. तीन रंगांत, तीन प्रतींत, अठराच्या अठरा वॉर्डांना एकाच सोमवारी. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मागणी लिहायची, सकाळी तेवढ्याच चादरी मिळणार. लाँड्रीत सगळ्यांनी तो कागद हातात घेऊन पाहिला. छपाई सुरेख होती.

चाळीस खाटांच्या एका वॉर्डानं पहिल्याच दिवशी मागितल्या एकशेवीस. कारण लाँड्री निम्म्याच देते, हे सगळ्या सिस्टरांना पाठ. आणि घडीताईलाही एकतीस वर्षांचा अनुभव. एकशेवीसचा आकडा बघताच तिनं ओळखलं की ही फुगवलेली मागणी आहे. तिनं पाठवल्या तीस. दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डानं मागितल्या दोनशे. बारा खाटांच्या कानाच्या वॉर्डानं नव्वद लिहिल्या.

घडीताईनं फोन लावला. "बारा पेशंटांना नव्वद चादरी? कानात घालताय का?"

"तुम्ही वीस देणार म्हणून नव्वद," पलीकडून शांत उत्तर आलं. "दीडशे लिहायला हव्या होत्या का?"

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका दिवसाची एकूण मागणी झाली दोन हजार नऊशे. तेवढ्या चादरी रुग्णालयानं जन्मात घेतल्या नव्हत्या. व्यवस्थापक साहेब स्वतः तळघरात उतरले, गुलाबी प्रत उलटसुलट करून पाहिली आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "ताई, नवकल्पना म्हणतात ती हीच का?" मागणीपत्रक त्याच दुपारी बंद झालं. कॅप्टननं उरलेल्या कागदांच्या मागे मशीनच्या वेळा लिहायला घेतल्या.

घरी नवरा वाटच बघत होता. तो निवृत्त बसचालक. निवृत्तीनंतर खुर्चीत बसून सगळं जग बसच्या काचेतून बघायचा. बायकोचा पडलेला चेहरा पाहून त्यानं चहा टाकला, आणि चहाबरोबर चिमटा काढायलाही विसरला नाही. "काय म्हणतंय नवकल्पनांचं व्यवस्थापन? भिंतीवर गेलेला 'न' सापडला का?"

"हसा तुम्ही. दोन महिन्यांनी मी गेटवर पावत्या फाडत बसेन तेव्हा सलाम ठोकायला या." आणि मग तिनं सगळं सांगितलं.

नवरा थोडा वेळ बशीत फुंकर घालत राहिला. "अगं, बस कधी येणार हे माहीत नसलं की माणूस आलेल्या बसला लटकतोच. मी घसा फोडून सांगायचो, मागची रिकामी आहे, उतरा. एक माणूस उतरायचा नाही."

"का पण?"

"कारण मागे बस नसायचीच."

घडीताईनं कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही खोटं बोलायचा? सत्तावीस वर्षं?"

"रोज नाही गं. पण लोकांना काय कळणार, खरं कुठल्या दिवशी बोलतोय ते?"

 दुसऱ्या दिवशी तळघरात न जाता ती आधी वर, लहान मुलांच्या वॉर्डात गेली. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. अख्ख्या रुग्णालयात लाँड्रीला सर्वांत जास्त फोन त्यांचे. घडीताई खोक्यासमोर उभी राहिली आणि आयुष्यात प्रथमच तिनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही चादरी का लपवता?"

मोठ्या सिस्टरांनी ते नाकारलं नाही. "पोरं आहेत ही. तासाला तीन खाटा ओल्या होतात. तुमची ट्रॉली कधी आठला येते, कधी अकराला, कधी येतच नाही. मी काय करू, आयांना सांगू, पोराला कडेवर घेऊन अकरापर्यंत उभ्या राहा? मला तुमचा गुलाबी कागद नको. आठला चादर हवी."

"आणि रोज आठला आली तर? मागायचंच नाही. तुमच्या फळीवर एक लाल पट्टी लावू. आमचं माणूस सकाळी आठला आणि दुपारी दोनला येऊन बघेल, पट्टीपर्यंत भरून जाईल. तुम्ही एवढंच करायचं, खोकं रिकामं करायचं."

"करते की. पण आधी तुमचं कपाट उघडा."

"कुठलं कपाट?"

"मागच्या खोलीतलं. किल्ली तुमच्या कमरेला आहे ते."

घडीताईचा चेहरा उतरला. मोठ्या सिस्टर जिना उतरायला लागल्यासुद्धा. लाँड्रीत त्यांना बघून मशीनं सोडून सगळं थांबलं. कॅप्टनला अचानक पाण्याच्या काट्यात विलक्षण रस निर्माण झाला.

"त्या राखीव आहेत," घडीताई कपाटासमोर उभी राहून म्हणाली. "अडीअडचणीला. कधी मशीन बंद पडलं तर..."

"आमच्याही राखीवच आहेत, ताई."

किल्ली फिरली. कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत पांढऱ्याशुभ्र घड्या, कडेला कड. मोजल्या तर दोनशे चौदा. अठरा वॉर्डांना लपवाछपवीवरून बोल लावणाऱ्या बाईचा साठा अख्ख्या रुग्णालयात सर्वांत मोठा निघाला होता.  तेव्हा आत्यानं त्या दिवसाचं पहिलं वाक्य उच्चारलं. "डांबराच्या गोळ्या मी दरवर्षी बदलते हो." तिला वाटलं होतं, तपासणी त्याची चालली आहे.

मोठ्या सिस्टरना हसू आवरेना. घडीताईला मात्र कानाच्या पाळ्या तापल्यासारखं झालं. एकतीस वर्षं ती फोनवर "लपल्यात" म्हणत होती, आणि एकतीस वर्षं किल्ली कमरेला होती. मशीन बंद पडलं तर आपण काय करायचो, हे तिनं आठवून पाहिलं. या चादरी काढायचो का? एकदाही नाही. आणखी मोठी अडचण येईल म्हणून ठेवायचो. वर फोन करायचो का? तोही नाही. फोन वाजला की "निघाली आहे ट्रॉली" म्हणायचो, आणि ट्रॉली इथेच, या दारापाशी रिकामी उभी असायची.

आता दुसरी कुणी असती तर कपाट पुन्हा लावून घेतलं असतं आणि सिस्टरांशी आठ दिवस अबोला धरला असता. घडीताईनं पदर खोचला. "दोन ट्रॉल्या भरा. सगळ्या वर जाऊ देत."

कॅप्टन जवळ येऊन कुजबुजला, "मागच्या लिफ्टनं काढू का? कुणाला दिसायचं नाही."

"पुढनं. मोठ्या दरवाजावरून, सगळ्या वॉर्डांसमोरून. कुणी विचारलं तर सांग, लाँड्रीनं लपवलेल्या आहेत."

ती वरात ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. पुढे कॅप्टन, मागे घडीताई, दोन्ही ट्रॉल्यांवर डोंगर, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासानं पेशंटसुद्धा उठून बसलेले. दारादारात सिस्टर येऊन उभ्या. कानाच्या वॉर्डातली म्हणाली, "एवढ्या? आणि आम्हाला विचारत होती, कानात घालताय का!" घडीताईनं ते ऐकलं, आणि मान खाली न घालता पुढे गेली. एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करून ताठ चालायचं म्हणजे खायचं काम नाही. तिनं ते केलं.

लहान मुलांच्या वॉर्डात लाल पट्टी लागली. पहिले तीन दिवस ट्रॉली आठच्या ठोक्याला हजर. मोठ्या सिस्टर रोज घड्याळ बघायच्या आणि खोक्याला हात लावायच्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी सहाला मोठ्या मशीनचा पट्टा तुटला. पोटात ओल्या चादरी, आणि नुसता पट्टा बदलायलाच दोन तास. कॅप्टन घामाघूम झाला. घडीताईचा हात सवयीनं कमरेकडे गेला, पण किल्ली लावायला कपाटात आता काही नव्हतं. मग तो हात फोनकडे गेला.

"सिस्टर, लाँड्रीतून बोलतेय. पट्टा तुटलाय. आज चादरी आठला येणार नाहीत, दहाला येतील. तोपर्यंत बायकांच्या वॉर्डातून वीस पाठवतेय, मी बोललेय त्यांच्याशी."

पलीकडे बराच वेळ शांतता. "हॅलो? सिस्टर, चिडलात का?"

"नाही हो. अठरा वर्षांत लाँड्रीतून आधी फोन आलेला हा पहिलाच. काय बोलायचं ते सुचत नाहीये."

दहाला दहा मिनिटं असताना ट्रॉली वर पोचली. ती परत खाली आली तेव्हा तिच्यावर मळक्या कपड्यांऐवजी एक खोकं होतं. वजनकाटा नादुरुस्त, हात लावू नये. आत एकोणसत्तर चादरी. काहींवर तर रुग्णालयाचा जुना शिक्का होता, जो खुद्द व्यवस्थापक साहेबांनी कधी पाहिला नव्हता.

मग दुसरा वॉर्ड, तिसरा वॉर्ड. घाई करायचा मोह घडीताईला रोज व्हायचा, आणि रोज ती वही उघडून त्या दोन रेघा बघायची. त्या वहीत तिनं एक पान केलं, वर लिहिलं 'फसलेलं'. पहिली नोंद मागणीपत्रकाची. दुसरी कॅप्टनच्या भोंग्याची. ट्रॉली आल्याचं कळावं म्हणून त्यानं तिला सायकलचा भोंगा बसवला होता, आणि बाळंतिणींच्या वॉर्डात तो तासभरच टिकला. नऊ बाळं एकदम जागी झाली. पूर्वीची घडीताई असती तर "मी म्हटलंच होतं" म्हणाली असती. आता तिनं नोंद केली आणि कॅप्टनला म्हणाली, "दुसरं काहीतरी सुचव." कॅप्टन दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी मशीनचा एक जादा पट्टा आधीच कापून खिळ्याला टांगून ठेवायची कल्पना घेऊन आला, आणि ती इतकी साधी होती की आजवर कुणालाच सुचली नव्हती.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात लाल पट्टीच हरली. एक दिवस फळी भरलेली राहायची, दुसऱ्या दिवशी नऊ वाजताच ठणठणाट. घडीताई डोकं धरून बसली. आत्या घड्या घालता घालता म्हणाली, "ऑपरेशनं सोमवारी नि गुरुवारी असतात. लालच्या वर एक निळी पट्टी लावा, त्या दिवशी तिथपर्यंत भरा."

"तुला कसं माहीत?"

"रक्ताचे डाग मंगळवारी नि शुक्रवारी येतात."

सव्वीस वर्षं ही बाई डागांवरून अख्ख्या रुग्णालयाचं वेळापत्रक वाचत होती, आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं. घडीताईनं निळी पट्टी स्वतः लावली, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या वेळी आत्यासमोर स्टूल घेऊन बसायला लागली. आत्याची वाक्यं पाचाची आठ झाली.

तीन महिने भरले. ठरल्या दिवशी आठच्या ठोक्याला व्यवस्थापक साहेब कंपनीच्या अधिकाऱ्याला घेऊन फेरीला निघाले. अधिकारी कडक इस्त्रीतला, हातात टॅबलेट. अठरा वॉर्ड, अठरा फळ्या. सतरांवर चादरी पट्टीला भिडलेल्या. कानाच्या वॉर्डात तीन कमी होत्या, आणि फळीवर चिठ्ठी होती: 'तीन कमी आहेत, नऊला येतात. लाँड्री.' साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. लपलेल्या चादरींपैकी सहाशे अकरा परत आल्या होत्या, आणि त्या महिन्यात तक्रारीचे फोन आले होते चार.

खाली लाँड्रीत आल्यावर अधिकाऱ्यानं घडीताईला विचारलं, "तुमची मागणी नोंदवायची पद्धत दाखवता?"

"नाही."

"म्हणजे दाखवत नाही?"

"म्हणजे पद्धतच नाही. आमचं माणूस जातं आणि बघतं."

"मग कुठल्या वॉर्डाला किती लागणार, हे कळतं कसं?"

"त्या टेबलावर ज्या बाई उभ्या आहेत त्यांना विचारा. पण आज त्यांची सहा वाक्यं झालीत, दोनच उरलीत."

अधिकारी हसला. मग टॅबलेट बंद करून साहेबांना म्हणाला, "आम्ही गाडी आणू, धुऊन देऊ. पण ही चिठ्ठी आमची माणसं लिहिणार नाहीत." भला माणूस होता.

घडीताई साहेबांबरोबर वर गेली. साहेबांनी टाचण्यांची डबी उघडलीच नाही. त्यांनी कंपनीला पाठवायचं पत्र तिच्यासमोर लिहिलं, सही केली आणि वाचायला दिलं. लाँड्री रुग्णालयाचीच राहणार होती. तिच्या प्रतीवर खाली एक ओळ वेगळी होती: पेशंटांना नेण्या-आणण्याच्या खुर्च्यांचं कामही यापुढे घडीताईंनी बघावं, कारण त्या खुर्च्याही सगळीकडे लपलेल्या असतात. साहेबांनी पत्रात चक्क 'घडीताई' असं लिहिलं होतं.

"खुर्च्यांचं मला काही कळत नाही, साहेब."

"कुणाला विचारायचं ते तुम्हाला कळतं," साहेब म्हणाले.

पत्राची प्रत घेऊन ती जिना उतरली. वाटेत तिनं दोन-चार वाक्यं जुळवली. सगळ्यांना गोळा करायचं, मशीनं थांबवायची, एकतीस वर्षांत केलं नाही असं छोटंसं भाषण करायचं. दारात पोचली तेव्हा दोनला पाच मिनिटं होती. कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत्या शेवटची चळत उचलत होती, दोघी जणी अभ्रे मोजत होत्या, कॅप्टन ट्रॉलीच्या दांड्याला हात घालून उभा होता.

"ऐका रे सगळे," घडीताई म्हणाली, "वरून पत्र आलंय..."

"पटकन बोला ताई," कॅप्टन म्हणाला, "दोनची ट्रॉली निघायचीय. पोरांची फळी निम्मी झाली असेल."

क्षणभर तिला राग आला. दुसऱ्या क्षणी तिचं ऊर असं भरून आलं की जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "राहिलो आपण," एवढंच ती म्हणाली, आणि पत्र कमरेला खोचून तिनं ट्रॉलीचा दुसरा दांडा धरला. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणीतरी रडायला लागलं, आत्या काहीतरी बोलली, पण ट्रॉली तोवर लिफ्टपर्यंत पोचली होती आणि दोन वाजायला तीनच मिनिटं उरली होती.